पडद्यावरून गेलेलं, कागदावर उरलेलं : एका ग्रंथालयीन प्रदर्शनाचा प्रकरण अभ्यास

ज्या बांधीव खंडावर आमच्या प्रदर्शनाची पहिली पेटी उभी होती, तोच खंड एका वाचक बाईंनी प्रदर्शनाच्या दुसऱ्याच आठवड्यात मागितला. मागणी चिठ्ठीवर आमच्या सहकाऱ्याने नियमाप्रमाणे ‘प्रदर्शनात’ असा शेरा मारला आणि चिठ्ठी परत केली. बाई पेटीपाशी गेल्या, काचेतून दिसणारी दोन पानं वाचली, परत आल्या आणि म्हणाल्या, “मला उरलेली सगळी पानं हवी आहेत.”

हे प्रकरण मुख्यतः त्या एका वाक्याचं आहे. ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

आमचं ग्रंथालय चित्रपट आणि दूरचित्रवाणी या दोनच विषयांचं. इथे चित्रपट नाहीत, त्यांच्याभोवतीचा कागद आहे: पुस्तकं, नियतकालिकांचे खंड, पटकथा, प्रसिद्धीपुस्तिका, वृत्तपत्रांची कात्रणं, स्थिरचित्रं. वाचनकक्षाच्या दाराशी दोन आडव्या आणि एक उभी काचपेटी आहे. दर तीन महिन्यांनी तिथे एका विषयावर मांडणी होते. वर्षानुवर्षं हे विषय पंचांगातून निघत. कुणाची जन्मशताब्दी, कुठल्या चित्रपटाला पन्नास वर्षं. अशी मांडणी लवकर होते, कारण साहित्य एकाच फायलीत सापडतं. पण वाचक तिच्यापुढून सरळ आत जातात. ज्यांना ते नाव माहीत आहे त्यांना नवं काही मिळत नाही आणि ज्यांना माहीत नाही त्यांना थांबायला कारण नसतं.

या वेळी आरंभीच्या दूरचित्रवाणीवर मांडणी करायचं ठरलं होतं. साहित्य काढायला बसल्यावर पहिल्याच दिवशी अडलो. बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी सेवा २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून सुरू झाली. तेव्हाचे कार्यक्रम थेट जात आणि त्याच क्षणी संपत, कारण ते टिपून ठेवण्याची सोयच नव्हती. पुढे पडद्यावरचं चित्र फिल्मवर टिपण्याची पद्धत आली. १९५६ मध्ये अँपेक्स कंपनीची दोन इंची चित्रफीत आली आणि चित्रमुद्रण सोपं झालं, पण ती फीत महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती. त्यामुळे ज्या काळात टिपणं शक्य झालं, त्याच काळात पुसणंही नेहमीचं झालं. म्हणजे आमच्या विषयाच्या केंद्रस्थानी जे असायला हवं ते जगात कुठेच नव्हतं, आणि आमच्या कपाटांत मात्र त्याचा कागद होता.

तिथेच विषय बदलला. चित्र गेलं आणि कागद उरला, अशा चित्रपटांची आणि कार्यक्रमांची मांडणी करायची. मला हा विषय मनापासून पटला होता, आणि त्याचं कारण या ग्रंथालयाच्या स्वभावात होतं. आमच्याकडे येणारे नवे वाचक पहिल्या दिवशी थोडे हिरमुसतात. चित्रपटांचं ग्रंथालय आणि चित्रपट कुठेत, असं विचारतात. त्यांना उत्तर देणारी मांडणी आम्ही कधी केलीच नव्हती.

निवड करताना एक कसोटी ठरवली: पेटीतल्या प्रत्येक वस्तूने, चित्र नसताना कागदाने नेमकं काय सांगितलं, याचं उत्तर दिलं पाहिजे. सुंदर पण मुकी पोस्टरं त्यामुळे आपोआप बाहेर गेली.

सर्वांत पक्कं उदाहरण अमेरिकेतल्या ‘पेपर प्रिंट’ संग्रहाचं. १९१२ पर्यंत तिथल्या स्वामित्वहक्क कायद्यात चलच्चित्रांची वेगळी वर्गवारी नव्हती, छायाचित्रांची होती. म्हणून निर्माते अख्खी फिल्म, चौकट न् चौकट, फोटोच्या कागदाच्या लांब पट्ट्यांवर छापत आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये नोंदवत. एडिसनच्या प्रयोगशाळेतले कर्मचारी फ्रेड ऑट यांची तिथेच टिपलेली शिंक अशीच ९ जानेवारी १८९४ रोजी कागदावर नोंदली गेली. त्या काळच्या फिल्म नायट्रेट या ज्वालाग्राही पदार्थाच्या. त्या पेटल्या तरी जात आणि न पेटताही चिकट होऊन, शेवटी भुकटी होऊन जात. कागदाची भेंडोळी मात्र तळघरात पडून राहिली. १९५०च्या दशकात केम्प नायव्हर यांनी ती पुन्हा चौकटीमागून चौकट १६ मिमी फिल्मवर उतरवली आणि त्या कामासाठी त्यांना मानद ऑस्कर मिळाला. तीन हजारांहून अधिक चित्रपट असे वाचले. कायद्यातल्या एका उणिवेने इतके चित्रपट वाचवले, हे मला आजही विलक्षण वाटतं. त्या संग्रहाची छापील सूची आमच्याकडे आहे. तिचं एक पान उघडून ठेवायचं ठरलं.

दुसरं उदाहरण फ्रिट्झ लँग यांच्या ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटाचं. जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनला पहिला खेळ झाल्यावर थोड्याच काळात त्याची मोठी काटछाट झाली. काय कापलं गेलं हे कळत होतं ते दोन कागदांवरून: जर्मन सेन्सॉरच्या नोंदपत्रांत पडद्यावर संवाद दाखवणाऱ्या सगळ्या पाट्यांचा मजकूर क्रमाने होता, आणि संगीतकार गॉटफ्रीड हुप्पर्ट्झ यांच्या स्वरलेखनात कुठल्या सुरावटीवर पडद्यावर काय घडतं याच्या असंख्य नोंदी होत्या. २००८ मध्ये ब्युनोस आयर्समध्ये १६ मिमीची एक लांब प्रत उजेडात आली. त्यातली साधारण पंचवीस मिनिटं पूर्वी कुणी पाहिलेली नव्हती. ती कुठे बसवायची याला आधार या कागदांचा होता. २०१० मध्ये तो चित्रपट जवळजवळ पूर्ण रूपात पुन्हा पडद्यावर आला. इथे कागदाचं काम नकाशाचं होतं.

दूरचित्रवाणीच्या पेटीत जॉन क्युरा आले. १९४७ पासून जवळपास वीस वर्षं हे गृहस्थ चालू कार्यक्रमाच्या वेळी दूरचित्रवाणीच्या पडद्याचे फोटो काढत आणि नटांना, दिग्दर्शकांना विकत. आपण पडद्यावर कसे दिसलो हे पाहण्याचा त्या मंडळींकडे दुसरा मार्गच नव्हता. ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या मालिकेचे १९६०च्या दशकातले कितीतरी भाग पुढे पुसले गेले. त्यांतल्या अनेकांचं दृश्यरूप आज आपल्याला कळतं ते क्युरांच्या या टेलिस्नॅपमुळे, आणि आवाज कळतो तो घरी बसून टेपरेकॉर्डर लावणाऱ्या प्रेक्षकांमुळे. २०१३ मध्ये नायजेरियातून नऊ भाग परत मिळाल्याचं जाहीर झालं, तेव्हा टेलिस्नॅप आणि खरी दृश्यं शेजारी शेजारी ठेवून पाहता आली.

‘लंडन आफ्टर मिडनाइट’ची स्थिरचित्रंही घेतली. टॉड ब्राउनिंग यांच्या या १९२७ च्या चित्रपटाची शेवटची ज्ञात प्रत १९६५ मध्ये एमजीएम या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीच्या गोदामातल्या आगीत गेली आणि २००२ मध्ये केवळ स्थिरचित्रं जोडून त्याचं एक रूप उभं करण्यात आलं. ‘आलम आरा’ही हवाच होता. १४ मार्च १९३१ ला प्रदर्शित झालेला भारताचा पहिला बोलपट, त्याचा आवाज आज कुठेच ऐकता येत नाही, आणि आपण त्याच्याबद्दल जे बोलतो ते सगळं फोटो, जाहिराती आणि छापील मजकुराच्या आधारावर.

पहिल्या पेटीचा मान मात्र ‘द माउंटन ईगल’ला दिला. हिचकॉक यांनी दिग्दर्शित केलेला हा दुसरा चित्रपट. त्याची मोजकी स्थिरचित्रं उरली आहेत, फिल्म नाही. तो वाईट होता असं खुद्द हिचकॉक यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं आणि चित्रपट हाती नसल्याने सगळ्यांना ते मान्य करावं लागलं. आमच्याकडे एका व्यापारी साप्ताहिकाचा १९२६ च्या दुसऱ्या सहामाहीचा खंड होता. त्यात चित्रपटगृहांच्या मालकांसाठी लिहिलेलं, त्या वेळचं परीक्षण होतं. प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचा शब्द. तो खंड त्या पानावर उघडून, पाचरीच्या आधारावर ठेवून, पारदर्शक पॉलिएस्टरच्या पट्ट्यांनी पानं बांधून आम्ही पेटीत ठेवला.

मग प्रकाशाचा प्रश्न आला. आमच्या जतन विभागातल्या सहकारी लक्समीटर, म्हणजे प्रकाशाची तीव्रता ‘लक्स’मध्ये मोजणारं यंत्र, घेऊन आल्या. खिडकीशेजारच्या पेटीवर दुपारी दोनशे लक्सच्या आसपास आकडा दिसला. कागदासाठी साधारण पन्नास लक्सची मर्यादा पाळतात. त्यांनी तिथेच कागदावर हिशेब करून दाखवला: पन्नास लक्स, दिवसाचे आठ तास, नव्वद दिवस म्हणजे छत्तीस हजार लक्स-तास. दोनशे लक्सला हा कोटा साडेबावीस दिवसांत संपतो. प्रकाशाची इजा साठत जाते, मांडणी संपल्यावर वस्तू अंधारात ठेवली म्हणून ती भरून येत नाही. वृत्तपत्री कागदाचं तर आणखी अवघड, त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे तो पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. शेवटी पेटी खिडकीपासून हलवली, वरची एक नळी बंद केली आणि दोन कात्रणं, ज्यांच्या कडा हात लावताच सुटत होत्या, ती यादीतून काढली. त्यांतलं एक कात्रण मला फार हवं होतं. सहकारी ठाम राहिल्या आणि बरोबर राहिल्या.

अंधार केल्यावर माहितीपट्ट्या वाचता येईनात. दीडशे-दीडशे शब्दांच्या पट्ट्या होत्या, बारीक टंकात. त्या मी पन्नास शब्दांवर आणल्या. हे काम फार जिकिरीचं होतं, पण मांडणीतल्या सगळ्या कामांत तेच मला सर्वांत जास्त शिकवून गेलं. दिग्दर्शकाचं चरित्र गेलं, कथानक गेलं, आणि ‘या कागदाकडे पाहा, इथे हे दिसतं’ एवढं उरलं. टंक मोठा झाला. तळाला बोधांक, म्हणजे ती वस्तू ज्या क्रमांकाने मागता येते तो क्रमांक, घालावा अशी माझी सूचना होती. मांडणी करणाऱ्यांना तो आकड्यांचा पट्टा रुक्ष वाटला. मी आग्रह सोडला. ते चुकलं.

प्रदर्शन उघडलं आणि लोक थांबू लागले. पहिल्या आठवड्यात आम्ही खुशीत होतो.

दुसऱ्या आठवड्यात त्या बाई आल्या. मूकपटांच्या काळात चित्रपटगृहांत वाजवणाऱ्या वादकांवर त्यांचं काम चालू होतं. त्यांना त्या सहा महिन्यांतल्या प्रत्येक अंकातल्या नोकरीच्या जाहिराती आणि वाद्यवृंदांच्या बातम्या पाहायच्या होत्या. त्या खंडाची दुसरी प्रत आमच्याकडे नव्हती आणि मायक्रोफिल्मही नव्हती. लांबून आल्या होत्या आणि दोनच दिवस होते. आमच्या शेऱ्याचा अर्थ असा होत होता की हा खंड आता अडीच महिने कुणालाही मिळणार नाही, कारण आम्ही तो लोकांना दाखवत आहोत.

मला त्या क्षणी जे जाणवलं ते सांगतो, कारण इथेच संग्रहालय आणि ग्रंथालय वेगळे होतात. संग्रहालयातली वस्तू पेटीत गेली की ती आपल्या जागी पोचलेली असते. ग्रंथालयातली वस्तू पेटीत गेली की ती जागेवरून उठलेली असते. खंडाची सव्वापाचशे पानं बंद करून आम्ही दोन पानं उघडी ठेवली होती, आणि त्यालाच ‘संग्रह वाचकांसमोर आणणं’ म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनकक्ष उघडण्यापूर्वी पेटी उघडली. परीक्षणाच्या पानाची छायाप्रत मूळ मापात छापून आम्लरहित पुठ्ठ्यावर लावली आणि खंडाच्या जागी ठेवली. पट्टीवर ठळक अक्षरांत लिहिलं: ‘प्रतिकृती. मूळ खंड वाचनकक्षात मागता येईल.’ खाली बोधांक घातला. खंड उशीवर ठेवून बाईंना दिला. नऊ दिवस एकाच पानावर उघडा राहिल्याने बांधणीच्या सांध्याला ताण आल्याचं तेव्हा दिसलं. अडीच महिने तसा राहिला असता तर नक्कीच फाटला असता. एका वाचकाच्या मागणीने खंडही वाचला.

मला भीती होती की प्रतिकृती पाहून लोक पुढे निघून जातील. तसं झालं नाही. पहिल्या पेटीपाशी लोक तितकेच थांबत होते, आणि बोधांक टिपून घेणारे आता दिसू लागले. त्याच आठवड्यात सगळ्या पट्ट्या नव्याने छापल्या. बांधीव खंड सगळे बाहेर काढले, त्यांच्या जागी प्रतिकृती ठेवल्या. मूळ वस्तू फक्त अशाच ठेवल्या ज्यांची दुसरी प्रत वाचकाला देता येते, किंवा ज्या सुट्या आहेत आणि मागितल्यास दहा मिनिटांत पेटीतून काढता येतात. प्रतिकृतीसाठी हक्कांचा प्रश्न येतोच. मूळ कागद काचेखाली ठेवणं वेगळं आणि त्याची नक्कल छापणं वेगळं. दोन स्थिरचित्रांचे हक्क कुणाकडे हेच ठरेना, म्हणून ती मूळ रूपातच राहिली.

पट्ट्या नव्याने छापत असतानाच दुसरी चूक उघड झाली, आणि ती पूर्णपणे माझी होती. ‘बियाँड द रॉक्स’ या १९२२ च्या चित्रपटाची प्रसिद्धीपुस्तिका आम्ही ठेवली होती. ग्लोरिया स्वान्सन आणि रुडॉल्फ व्हॅलेंटिनो यांचा एकत्र असा हा एकमेव चित्रपट. पट्टीवर मी लिहिलं होतं, ‘चित्रपट हरवलेला आहे.’ दोन संदर्भग्रंथांत पाहून लिहिलं होतं. एका नेहमीच्या वाचकाने येऊन शांतपणे सांगितलं की तो नेदरलँड्समध्ये एका खासगी संग्राहकाच्या डब्यांत सापडला आणि २००५ मध्ये पुन्हा दाखवलाही गेला. माझे दोन्ही ग्रंथ त्याआधी छापलेले होते. दोन साक्षीदार आहेत म्हणून मी निश्चिंत होतो, पण दोघंही एकाच काळात उभे होते.

या चुकीने पूर्ण मांडणीची भाषा बदलली. ‘हरवलेला’ हा शब्द आम्ही काढून टाकला. त्याऐवजी ‘प्रत सापडल्याची नोंद नाही’ असं लिहिलं आणि पुढे ती नोंद कधी तपासली ती तारीख घातली. काहींना हे वकिली वाटलं. मला ते विषयाशी प्रामाणिक वाटतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९१२ ते १९२९ मधल्या सुमारे अकरा हजार अमेरिकन मूक कथापटांपैकी केवळ १४ टक्के मूळ ३५ मिमी स्वरूपात पूर्ण उरल्याचं दिसलं. हा आकडा आमच्या भिंतीवरच्या मजकुरात होता आणि लोक त्यापाशी गप्प होत. पण ती मोजणी एका वेळची आहे. कुठल्या तरी घराच्या माळ्यावरून डबा निघाला की ती बदलते. पुस्तिका काढून न टाकता आम्ही पेटीत ठेवली आणि नव्या पट्टीवर ‘आधी इथे चुकीचं लिहिलं होतं’ हेही लिहिलं. ती पट्टी सर्वाधिक वाचली गेली असं माझं निरीक्षण आहे.

मांडणी यशस्वी झाली का, हे पूर्वी आम्ही दारातल्या गर्दीवरून ठरवायचो. या वेळी संदर्भ विभागात एक खोका ठेवला आणि प्रदर्शनातले बोधांक लिहून आलेल्या मागणी चिठ्ठ्या त्यात वेगळ्या टाकत गेलो. त्या वाचायला मिळणं हा माझ्यासाठी या कामाचा सर्वांत मोठा आनंद होता. पेपर प्रिंटची सूची, जी वर्षानुवर्षं कुणी उघडली नव्हती, ती पुन्हा पुन्हा मागितली गेली. एका विद्यार्थ्याने टेलिस्नॅपचं पुस्तक घेतलं आणि त्यावरून कॅमेऱ्याच्या जागांचे आराखडे काढत बसला. व्यापारी साप्ताहिकाचे आधीचे आणि नंतरचे खंडही लोकांनी मागितले. पोस्टरांच्या शताब्दी-प्रदर्शनांनंतर अशा चिठ्ठ्या आल्याचं माझ्या आठवणीत नाही.

उभ्या पेटीचा उल्लेख राहिला. तिच्यात एकच वस्तू होती: एका अज्ञात चित्रपटाचं स्थिरचित्र. दिवाणखाना, दारात उभा पुरुष, टेबलाशी बसलेली स्त्री जी दाराकडे न पाहता खिडकीकडे पाहते आहे. फोटोवर कोपऱ्यात एक आकडा कोरलेला, मागे अर्धवट पुसलेला शिक्का. मागची बाजू दिसावी म्हणून खाली आरसा ठेवला होता. अमेरिकेत २०१२ पासून ‘मोस्टली लॉस्ट’ नावाने असे मेळावे भरू लागले, जिथे अनोळखी मूकपट जाणकारांना दाखवून, कपडे, मोटारी, चेहरे यांवरून मोठमोठ्याने ओळखले जातात. त्यावरून आम्हालाही पेटीशेजारी पेन्सिल आणि कोऱ्या चिठ्ठ्या ठेवाव्याशा वाटल्या.

खूप चिठ्ठ्या आल्या. कुणी नटाचं नाव सुचवलं, कुणी तिच्या बाह्यांच्या कापावरून दशक ठरवलं, कुणी दिव्याच्या बटणावरून. एका वाचकाने आरशात उलटा दिसणारा शिक्का सरळ करून लिहून दिला, त्यामुळे तो फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळेच्या नावाची चार अक्षरं मिळाली. चित्रपट कोणता ते मात्र ठरलं नाही.

शेवटच्या दिवशी पेट्या रिकाम्या केल्या. प्रतिकृती एका पुठ्ठ्याच्या खोक्यात गेल्या, मूळ वस्तू आपापल्या कपाटात. ते स्थिरचित्र परत ठेवताना त्याच्या पाकिटात वाचकांच्या सगळ्या चिठ्ठ्या घातल्या, प्रत्येकीवर तारीख लिहून. तालिकेत त्याची नोंद पूर्वी ‘अज्ञात, दोन व्यक्ती, घरातलं दृश्य’ एवढीच होती. आता तिच्यापुढे ती चार अक्षरं आहेत, कोरलेला आकडा आहे, आणि ‘वाचकांच्या सूचना पाकिटात’ असं लिहिलं आहे. कुणीही मागू शकेल.